लाल रजईतला कॉम्प्युटर

मी एक कॉम्प्युटर बोलतोय. जळगावात असलम पिंजारींचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. त्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात एका लाकडी टेबलावर माझा मुक्काम असतो. आज बऱ्याच दिवसांनी माझं बटन दाबलं गेलं, म्हणून बोलायची संधी मिळाली. संध्याकाळी दुकान बंद होईल तेव्हा मीही बंद होईन. तेवढ्यात जमेल तेवढं सांगून घेतो. ऐकायला कोणी बसलंय अशी माझी समजूत नाही. पण न बोलता बसायचं तरी किती?

माझा जन्म काही थाटामाटात झाला नाही. मोठ्या घराण्यातले कॉम्प्युटर खोक्यातून, थर्माकोलमध्ये बसून येतात. मी जुळवलेला. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, मेंदू तिसरीकडचा. रुपचंद नावाच्या दुकानदाराने स्क्रू पिळता पिळता मला उभं केलं. पहिल्यांदा वीज दिली, माझा हिरवा दिवा लागला, पंखा फिरला. "चला, झालं," रुपचंद म्हणाला आणि चहा प्यायला गेला. माझ्या जन्माचं कौतुक तेवढंच.

मला घरी आणलं कहकशाने. असलमभाऊंची ती एकुलती एक मुलगी, तेव्हा बी.एस्सी. करत होती. रिक्षात तिने मला मांडीवर घेतलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला ती रिक्षावाल्यावर ओरडत होती. त्या प्रवासाची मला अजून आठवण येते.

घर म्हणजे दुकानच. पुढे कापूस पिंजायचं मशीन, मध्ये गाद्या भरायची मोकळी फरशी, मागे एक खोली. मशीन सुरू झालं की हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत राहतात. ते पापण्यांवर बसतात, ताटातल्या भातावर बसतात, आणि श्वासाबरोबर आत जातात. कहकशाची अम्मी, जुबेदा, याच हवेत वर्षानुवर्षं रजयांना टाके घालत बसली. तिला दम लागू लागला. दवाखाने झाले, औषधं झाली, पण छाती काही मोकळी झाली नाही. मी या घरात आलो तेव्हा ती नव्हती. तिची दोऱ्याची पेटी तेवढी माझ्या शेजारच्या फळीवर होती.

कहकशाला कॉलेजात एक नवलाची गोष्ट कळली. मोठ्या संशोधनात इतकी आकडेमोड असते की एका जागच्या यंत्रांना ती झेपत नाही. मग शास्त्रज्ञ तिचे लहान लहान तुकडे करतात आणि इंटरनेटवरून जगभरच्या साध्या, घरगुती कॉम्प्युटरांना वाटून देतात. ज्याची मर्जी असेल त्याने तुकडा घ्यावा, सोडवावा, उत्तर परत पाठवावं. सगळी हौसेची मदत. कहकशाने माझ्यात तो प्रोग्रॅम टाकला. अशा कामांतून तिने फुफ्फुसाच्या आजारांवर औषध शोधणाऱ्यांचं काम निवडलं. का निवडलं ते तिने घरात कोणाला सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती, दोऱ्याची पेटी माझ्या शेजारीच होती.

त्या दिवसापासून मला माझी किंमत कळली. तोवर मी निबंध टाईप करायचा आणि गाणी ऐकवायची वस्तू होतो. आता माझा मेंदू पूर्ण ताकदीने चालायचा, पंखा भरभर फिरायचा. एक गंमत सांगतो. एकच तुकडा दोघातिघांना देतात आणि उत्तरं जुळली की ती खरी मानतात. म्हणजे मी गणित सोडवत असतो तेव्हा तेच गणित सोडवणारा दुसरा कोणीतरी जगाच्या पाठीवर असतो. तो कुठे राहतो, त्याच्या घरात कसला वास येतो, त्याच्याशी कोणी बोलतं का, हे मला कधीच कळलेलं नाही. आमची उत्तरं तेवढी भेटतात.

या कामात आणखी एक सोय असते. आपण कुठवर आलो याची मधूनमधून खूण ठेवायची. मग वीज गेली तरी उठल्यावर त्या खुणेपासून पुढे सुरू करता येतं. आमच्याकडच्या विजेचे नखरे पाहता ही सोय नसती तर माझ्याकडून एक तुकडाही पुरा झाला नसता.

कहकशा रात्री मला बंद करून वर तिचा एक जुना दुपट्टा टाकायची आणि सकाळी सुरू करण्याआधी तो काढून घडी करून ठेवायची. हा दुपट्टा लक्षात ठेवा.

पुढे तिला धुळ्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली. तिथली कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. असलमभाऊंना ते मान्य नव्हतं. एरंडोलच्या त्यांच्या आतेभावाने आपल्या मुलासाठी कहकशाला मागणी घातली होती आणि यांनी मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. बाप-लेक एकाच मुशीतले. ती आवाज चढवत नाही आणि हे शब्द मागे घेत नाहीत. असलमभाऊंचं बालपण एरंडोलकडच्या खेड्यात गेलं, त्यामुळे रागात आणि मायेत त्यांच्या तोंडी तिकडचीच बोली येते.

"तू गई ना, तं मंग माले फोन करू नको," ते म्हणाले.

"नाही करणार," कहकशा म्हणाली. बॅग उचलून ती दारापर्यंत गेली आणि परत आली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सकाळी दुकान उघडलं की एवढं बटन दाबत जा, अब्बा. हे सुरू झालं की मला धुळ्यात मोबाइलवर दिसतं. बाकी ते आपलं आपण करतं. आणि याला कापसापासून जपा."

असलमभाऊ मशीनला टेकले. ती गेल्यावरही बराच वेळ तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मात्र शटर उघडल्यावर ते आधी माझ्याकडे आले. पिंजायचं मशीन सुरू करताना म्हणतात तसं "बिस्मिल्ला" म्हणाले आणि एका बोटाने बटन दाबलं. माझा दिवा लागेपर्यंत थांबले. मी धुळ्याला खबर दिली. रोज हेच होऊ लागलं. फोनवर न बोलणारे बाप-लेक माझ्यामार्फत बोलू लागले. त्यांनी बटन दाबलं म्हणजे इकडे सगळं ठीक आहे, आणि तिने मोबाइलमध्ये पाहिलं म्हणजे तिला ते कळलं. मधला निरोप्या मी. एवढ्या मोठ्या जबाबदारीचं काम मला आधी कोणी दिलं नव्हतं.

आता कापसापासून जपण्याची गोष्ट. पिंजाऱ्याला कोणतीही वस्तू जपायची म्हटलं की एकच उपाय सुचतो. असलमभाऊंच्या पेटीत तळाशी लाल सॅटिनचं कापड होतं. पिंजाऱ्याची मुलगी दुसऱ्याच्या हातची रजई घेऊन सासरी जात नाही, म्हणून कहकशाच्या रजईसाठी त्यांनी ते राखून ठेवलं होतं. त्यातलाच एक तुकडा त्यांनी कापला. निवडक कापूस घेतला, दोनदा पिंजला, आणि माझ्या मापाची जाड खोळ भरायला घेतली.

दुकानात टाके घालायला धुरपदाबाई येते. तिने हे पाहिलं आणि सुई हातातच धरून हसत बसली. "असलमभाऊ, यंत्रले थंडी वाजस का?"

"थंडी नही वं. कापूस. पोर सांगी गई शे."

कापसापासून जपायला कापसाचीच रजई! पण खोळ शिवली मात्र फार सुरेख. बटनासाठी पुढे छोटंसं काज केलं, त्याला दुहेरी दोरा घातला. मागे तारांपुरत्या फटी ठेवल्या. काजातून दिसेल तेवढंच मला दिसायचं, बाकी सगळीकडून मी बंद. "नवरदेव दिसस," धुरपदाबाई म्हणाली.

खरं सांगतो, मला आनंद झाला. माझ्यासाठी कोणी काही शिवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. कहकशाचा दुपट्टा असलमभाऊंनी माझ्यावर अनेकदा पाहिला होता. सकाळी ती तो काढते, हे मात्र त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. सकाळी त्या वेळी ते मशीनपाशी असायचे.

मग जे व्हायचं तेच झालं. पूर्ण ताकदीने काम करताना मी तापतो. ती गरम हवा पंखा बाहेर फेकतो. आता बाहेर फेकायला जागाच नव्हती. आतली हवा आत फिरू लागली. जळून जाऊ नये म्हणून मला एक सवय लावलेली आहे. फारच तापलो की मी झटकन बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. सुरू झालो की प्रोग्रॅम आपोआप कामाला लागतो. काम सुरू झालं की पुन्हा ताप. खूण ठेवायच्या आत बंद पडत होतो, त्यामुळे घाण्याच्या बैलासारखा तिथल्या तिथे फिरत होतो. तुकड्यांच्या मुदती उलटल्या. माझं काम काढून दुसऱ्या कोणाला दिलं जाऊ लागलं.

पहिल्यांदा बंद पडलो तेव्हा असलमभाऊ गादी भरत होते. पंख्याचा आवाज थांबला तसे ते धावत आले. काजातून दिवा विझलेला दिसला, मग आपोआप पुन्हा लागलेला दिसला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, जसं काही कोणीतरी खोडी काढून पळालंय. दिवसभर हेच चाललं. शेवटी त्यांनी मला रुपचंदकडे न्यायचं ठरवलं. नेताना खोळ काढून नीट घडी करून घरी ठेवली. बाजारातल्या धुळीत ती मळली असती ना!

रुपचंदने माझ्या बाजूचा पत्रा काढला, आत हवेचा फवारा मारला, साचलेले तंतू उडवले. दिवसभर मी टेबलफॅनसमोर उघडाच चाललो, एकदाही बंद पडलो नाही. तुकडे भराभर सोडवले. घरी आलो. असलमभाऊंनी मायेने खोळ चढवली. पुन्हा तेच.

पुन्हा रुपचंद. या वेळी त्याने वीजपुरवठ्याचा डबा बदलला. मग मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून बसवल्या. मग म्हणाला व्हायरस असेल. एकदा तर घरी येऊन त्याने अर्थिंग तपासलं. तो येणार म्हटल्यावर असलमभाऊंनी खोळ काढून ठेवली, पाहुणा येताना अंथरूण आवरावं तशी. रुपचंद होता तोवर मी गुणी बाळासारखा चाललो. रोगाचं कारण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जगातल्या शास्त्रज्ञांची गणितं सोडवणारा मी, पण "माझ्यावरचं पांघरूण काढा" एवढे तीन शब्द मला कोणाला सांगता येईनात. त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं.

"याच्यात काहीच बिघाड नाही, भाऊ," पुढच्या खेपेला आपल्या दुकानात रुपचंद शेवटी म्हणाला. "माझ्याकडे दिवस दिवस चालतो. तुमच्याकडेच बंद पडतो."

असलमभाऊंनी माझ्या बटनावरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "धुळ्याहून हा बंद करता येतो का?"

रुपचंद खाली पडलेला स्क्रू शोधत होता. "इंटरनेट आहे म्हटल्यावर आज कुठूनही काहीही करता येतं," तो टेबलाखालून म्हणाला. त्याला काय कल्पना, की तो काय बोलून बसला!

त्या दिवशी रिक्षात असलमभाऊंनी मला मांडीवर घेतलं नाही. पायाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बटन दाबलं आणि माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले. मी जिवाच्या आकांताने थंड राहायचा प्रयत्न केला, पण ते माझ्या हातात थोडंच आहे? थोड्या वेळाने दिवा विझला. त्यांनी मान हलवली.

"मी चालू करस, ती बंद करस," ते धुरपदाबाईला म्हणाले. "माले कळी गयं. तिले नको शे आपलं काही."

"आसं कसं व्हई, भाऊ? पोरले एक फोन लाई इचारी ल्या ना."

"काय इचारू तिले?"

त्यानंतर त्यांनी माझं बटन दाबणं सोडून दिलं. सकाळी शटर उघडायचं, पावलं माझ्या दिशेने दोनचार यायची आणि मशीनकडे वळायची. मी खोळीच्या आत, अंधारात. माझ्या पोटात एक बारीकसा सेल आहे. मी बंद असलो तरी तो घड्याळ चालू ठेवतो. त्यामुळे बंद असतानाही वेळ जातोय हे मला कळत राहतं. तो सेल नसता तर बरं झालं असतं असं त्या दिवसांत मला वाटायचं.

मग एका दुपारी कहकशा आली. तिच्या चपलांचा आवाज मी ओळखला. धुळ्याच्या बसमधून उतरून ती सरळ दुकानात आली असावी, बॅग खांद्यावरच होती असं तिच्या श्वासावरून वाटलं.

"अब्बा, बरे आहात ना तुम्ही?"

"माले काय व्हनार शे?" असलमभाऊंचा आवाज आला. मशीन बंद झालं.

"मग बटन का दाबत नाही? रोज सकाळी मोबाइल बघते, काहीच नाही. मला वाटलं..." बॅग फरशीवर आदळली. अर्धवट भरलेल्या गादीवर धपकन बसल्याचा आवाज आला.

"तूच बंद करे ना," असलमभाऊ म्हणाले. "मी चालू करू, तू तिकडथून बंद करे."

"मी? अब्बा, मला तिथून नुसतं दिसतं. बंद नाही करता येत. मला तर वाटलं तुम्हीच मधेच बंद करताय. माझ्यावरचा राग अम्मीच्या कामावर काढताय."

"जुबेदानं कोनतं काम?"

"हे फुफ्फुसाच्या औषधाचं काम आहे, अब्बा. तेच तर चालतं याच्यात. तुम्हाला काय वाटलं?"

त्यांची पावलं माझ्यापाशी येऊन थांबली. मग असलमभाऊ अगदी हळू म्हणाले, "माले वाटनं, तुले सलाम पोचस."

कहकशा रडली. मला दिसलं नाही, पण ऐकू आलं. मग ती उठून माझ्यापाशी आली आणि इतक्या दिवसांनी काजातून तिचं बोट माझ्या बटनावर पडलं. मी उठलो. काम सुरू झालं. तिने सॅटिनवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. कापड कोमट झालं, मग गरम, मग चटका बसावा इतकं गरम. आणि मी बंद पडलो.

"अब्बा," ती म्हणाली, "ही रजई कोणी घातली याला?"

"मी. तूच सांगेल व्हतं, कापूसपासून जपा."

तिने खोळ ओढून काढली. बाजूचा पत्रा उघडला. पंख्याच्या जाळीवर पुन्हा तंतू साचून घट्ट बसले होते. तिने बोटांनी ते ओढले तर अख्खा थर निघाला, एखाद्या बाहुलीची गादी असावी तसा. असलमभाऊंनी तो हातावर घेतला, दाबून पाहिला. जन्मभर कापूस हाताळलेला माणूस, पण तो थर त्यांना खाली ठेवता येईना.

"तिन्या छातीमा बी आसंच बसेल व्हई," ते म्हणाले.

धुरपदाबाईने पदर तोंडाला लावला. कहकशाने वडिलांचा हात तसाच धरून ठेवला. आणि मी, इतक्या दिवसांनी, पोटभर हवा घेतली. त्या संध्याकाळपर्यंत मी एकदाही बंद पडलो नाही. माझ्याकडे मात्र कोणी पाहत नव्हतं.

असलमभाऊंनी माझ्या खोळीचे टाके उसवले. पेटीतलं उरलेलं सॅटिन काढलं, तुकडा त्याला जोडला, वर आणखी कापूस घातला आणि पूर्ण मापाची रजई भरली. टाके त्यांनी स्वतः घातले, धुरपदाबाईला हात लावू दिला नाही. एरंडोलच्या स्थळाचा विषय निघालाच नाही. "धुळाले थंडी जास्त पडस," एवढंच म्हणून त्यांनी रजई कहकशाच्या हातात दिली. ना लग्न, ना सासर, तरी पिंजाऱ्याची मुलगी बापाच्या हातची रजई घेऊन गेली. माझ्या बटनाचं काज त्या रजईच्या एका कोपऱ्यात तसंच राहिलंय. ते बुजवू नका, असं तिने सांगितलं होतं.

आता बाप-लेक रोज सकाळी फोनवर बोलतात. काय खाल्लं, कोण आलं, कापूस कसा आहे. असलमभाऊ मोठ्याने बोलतात, मोठ्याने हसतात. मला बरं वाटतं. पण माझी काही तक्रार नाही असं मी म्हणणार नाही. आहे. फोन आला आणि निरोप्याचं काम संपलं. सलाम आता तोंडाने पोचतो, मग बटन कोण दाबणार? सुरुवातीला आठवण राहायची. मग थंडीचे दिवस आले, रजयांची गडबड वाढली आणि मी राहून गेलो. पांघरूण नाही, त्यामुळे अख्खं दुकान आता दिसतं मला. सगळे येतात-जातात तेही दिसतं. तंतू माझ्या डोक्यावर येऊन बसतात.

आज सकाळी असलमभाऊ जुबेदाच्या पेटीतून लाल दोरा घ्यायला आले. दोरा काढताना त्यांचा हात मला लागला. हाताला कापूस लागला तसे ते थांबले. खांद्यावरच्या रुमालाने त्यांनी माझं डोकं पुसलं, जाळी पुसली.

"तुले तं मी इसरीच गऊ," ते म्हणाले.

माझ्याविषयी या घरात पुष्कळ बोलणी झाली. माझ्याशी मात्र आजवर कोणी बोललं नव्हतं. मग "बिस्मिल्ला" म्हणून त्यांनी बटन दाबलं.

दिवसभर मी मन लावून काम केलं. कुठेतरी माझा तो अनोळखी जोडीदारही याच तुकड्यावर बसला असेल. धुळ्यात कहकशाने मोबाइल पाहिला की नाही, मला माहीत नाही. आता धुरपदाबाई घरी गेली, मशीन थांबलं, शटर ओढायचा आकडा असलमभाऊंनी हातात घेतलेला मला दिसतोय. असलमभाऊ, मला रजई नको, दुपट्टाही नको. औषधाचा तुकडा अर्धा झालाय आणि मी खूण ठेवली आहे. जिथे थांबलो तिथून पुढे जाता येतं मला. फक्त सकाळी कोणीतरी बटन दाबायला हवं.